शाळेत ट्रीटी साजरी करायची म्हणजे मुलांनी नेमकं काय करायचं?

रानजाई (विनिपेग), ११ फेब्रुवारी

मदत हवी आहे म्हणून धागा काढतेय. लेक सातवीत आहे आणि यंदा मी हौसेने शाळेच्या पालक समितीत नाव दिलं. (बाहेर उणे अठ्ठावीस आणि संध्याकाळी सातची मीटिंग. हौसेला मोल नाही ते असं.) परवा मुख्याध्यापिकांनी विषय काढला की जूनमध्ये शाळेत ट्रीटीचा आठवडा करायचाय आणि तो मुलांनी करायचाय, शिक्षकांनी नाही. कल्पना द्या म्हणाल्या. झालं, भित्तीपत्रकं, बॅनक नावाच्या पावाचा स्टॉल आणि छोट्यांना रंगवायला चित्रं, एवढ्यावर गाडी थांबली.

इकडचं माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १८७१ ते १९२१ या काळात ब्रिटिश राजसत्तेच्या वतीने कॅनडा सरकारने इथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांशी, म्हणजे फर्स्ट नेशन्सशी, ११ नंबरवाले करार केले. पहिला, ट्रीटी १, आमच्या शहराच्या उत्तरेला लोअर फोर्ट गॅरी या किल्ल्यावर ३ ऑगस्ट १८७१ला झाला. पलीकडच्या बाजूला अनिशिनाबे आणि क्री लोकांची सात नेशन्स. विनिपेग त्याच जमिनीवर आहे, आमचं घर आणि घराचं कर्जसुद्धा.

रोज सकाळी शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी स्पीकरवर एक परिच्छेद वाचतात, की आपण ट्रीटी १च्या भूमीवर आहोत, ही रेड रिव्हर मेटींचीही (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांची) मातृभूमी आहे वगैरे. हेतू चांगलाच आहे. पण लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, ते एअरपोर्टवरच्या सूचनेसारखं झालंय. सगळे बॅग भरत असतात."

तर कोणाच्या शाळेत काही बरं झालंय का? आणि हो, ३ ऑगस्टला इथे शाळांना सुट्टी असते, म्हणून जून.

खडूफळा (रेजायना), ११ फेब्रुवारी

रानजाई, मी इथे सस्कॅचवनमध्ये गेली बरीच वर्षं शिकवतेय. आमच्या प्रांताने २००७मध्ये बालवाडीपासून बारावीपर्यंत ट्रीटी शिक्षण सक्तीचं केलं, देशात सगळ्यात आधी. त्यामुळे चुका करून झाल्यात. त्याच आधी सांगते, त्या जास्त उपयोगी पडतील.

पहिल्या वर्षी मी सहावीच्या मुलांकडून कराराचं नाटक बसवलं. एक मुलगा कमिशनर, दोघं-तिघं चीफ. एका पालकाने प्रेमाने पिसांचे मुकुट करून पाठवले, कागदाचे. माझ्या वर्गात त्याच नेशनमधली एक मुलगी होती. ती तालमीला यायचीच नाही, पोट दुखतंय म्हणायची. तिच्या आत्याने येऊन शांतपणे सांगितलं की ते पीस मिळवावं लागतं, ते वेशभूषेचं सामान नाही. मी नाटक रद्द केलं. तेव्हापासून नियम: कोणाचाही वेश घ्यायचा नाही.

दुसरी चूक त्याच मुलीच्या बाबतीत. दर वेळी "तू सांग ना, तुमच्यात काय म्हणतात?" असं मी सगळ्यांसमोर विचारायचे. अकरा वर्षांच्या पोरीने अख्ख्या लोकांची प्रवक्ती का व्हावं? आपल्या मुलांना दिवाळीच्या दिवशी उभं करून "सगळ्या हिंदूंबद्दल सांग" म्हणतात तेव्हा त्यांना कसं होतं ते आठवा.

आता जमलेलं. आमच्याकडे ट्रीटी ४ आहे, १५ सप्टेंबर १८७४, फोर्ट कॅपेल. तारीख शाळेच्या दिवसांत येते हे आमचं नशीब. मुलं कराराचा मूळ मजकूर वाचतात. सारांश नाही, मजकूरच. तो फार मोठा नाही. मग कलम घ्यायचं आणि शोधायचं: हे पाळलं का? कोणी पाळलं? आज याचं काय झालं? सातवीच्या मुलांना हे झेपतं. आपल्यालाच ते झेपणार नाही असं वाटतं.

स्पष्टवक्ता_ब्रॅम्प्टन, १२ फेब्रुवारी

थोडं कडू बोलतो. इथल्या लोकांवर अन्याय झाला, मान्य. पण तो ब्रिटिशांनी केला, ज्यांनी आपल्यावरही दीडशे वर्षं राज्य केलं. मी २०१४ला दोन सुटकेसा घेऊन उतरलो. माझ्या मुलाने रोज सकाळी त्याची कबुली का द्यायची? शाळेत गणिताची बोंब आहे, ते बघा आधी.

रानजाई, १२ फेब्रुवारी

कबुली नाहीये ती, पण तुमचा प्रश्न माझ्याही मनात होता हे कबूल करते. तो सुटला तो नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी. तुमची शपथ कधी झाली? २०२१च्या जूननंतर झाली असेल तर तुम्ही हात वर करून म्हणाला आहात की फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे मूळ हक्क आणि कराराचे हक्क मान्य करणाऱ्या राज्यघटनेचं मी पालन करीन. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यातली शेवटची, चौऱ्याण्णवावी, याच शपथेबद्दल होती. (बासष्टावी शाळांबद्दल: करार, निवासी शाळा आणि या लोकांचं योगदान हे बालवाडी ते बारावी सक्तीने शिकवा.)

मी ती शपथ झूमवर घेतली, वर ब्लेझर आणि खाली घरातला पायजमा. तेव्हा शब्दांकडे लक्ष नव्हतं, फोटो नीट येतोय का याकडे होतं.

स्पष्टवक्ता_ब्रॅम्प्टन, १२ फेब्रुवारी

माझी २०१९ला झाली. :-) सुटलो.

खडूफळा, १२ फेब्रुवारी

नाही सुटलात. हेच हक्क मान्य करणारं राज्यघटनेतलं कलम ३५ १९८२पासून आहे, शपथेत नसलं तरी. इकडे एक वाक्य वारंवार ऐकू येतं, "आपण सगळेच ट्रीटीवाले". करार दोन बाजूंचा असतो. एक बाजू फर्स्ट नेशन्स, मग दुसरी कोण? इंग्लंडची राणी काही ब्रॅम्प्टनला राहायला आली नव्हती. तुमचा प्लॉट, तुमचा रस्ता, तुमच्या मुलाची शाळा ही त्या दुसऱ्या बाजूला मिळालेली गोष्ट आहे. तुमच्याकडे १८१८चा अजेटन्स करार आहे, मिसिसागा या मूळ रहिवाशांशी झालेला. मुलाला नकाशात शोधायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या ऑन्टॅरिओत तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा २०१६च्या कायद्याने ट्रीटी आठवडाच आहे.

तिरकी_रेघ (एडमंटन), १३ फेब्रुवारी

मला उलट बाजूने बोलायचंय. "साजरी" हा शब्दच खटकतो. काय साजरं करताय?

ट्रीटी १मध्ये लिहिलंय की त्या लोकांना हवी असेल तेव्हा त्यांच्याच रिझर्व्हवर (त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर) राणी शाळा चालवेल. मिळालं काय? निवासी शाळा. सुमारे दीड लाख मुलं आईबापांपासून तोडली, भाषा बोलली म्हणून मारलं, आणि शेवटची शाळा बंद झाली १९९०च्या दशकात. करार १८७१चा आणि पाच वर्षांत, १८७६ला, इंडियन ॲक्ट. त्यांना न विचारता केलेला एकतर्फी कायदा. १८८५नंतर तर रिझर्व्हबाहेर पडायला पास लागायचा. ज्या सेंट पीटर्स रिझर्व्हचे लोक लोअर फोर्ट गॅरीला सही करायला होते, त्यांची ती जमीन १९०७ला काढून घेतली आणि लोकांना उत्तरेला पाठवलं. आणि आता त्यावर पावाचा स्टॉल?

आमच्या ट्रीटी ६मध्ये सरकारी एजंटच्या घरी औषधांची पेटी ठेवायचं कलम आहे. पुढे लोक म्हणाले, पेटी म्हणजे आरोग्यसेवा. सरकार म्हणालं, पेटी म्हणजे पेटी. हे सांगा ना मुलांना.

मोडीवाली (पुणे), १३ फेब्रुवारी

मी कॅनडात कधी आलेली नाही, पण मोडी कागद वाचते, आणि या धाग्यातला "करार" शब्द वाचून एक गंमत सुचली म्हणून नाक खुपसते.

आपल्याला ट्रीटी म्हटलं की "तह" आठवतो. पुरंदरचा तह, १६६५, तेवीस किल्ले गेले. वसईचा तह, १८०२, राज्यच गेलं. आपल्या कानाला तह म्हणजे हरलेल्याने वाकून केलेली सही. मला वाटतं स्पष्टवक्ता आणि तिरकी_रेघ दोघंही त्याच कानाने ऐकताहेत. पण तुम्ही सांगताय त्या कराराआधी लढाई कुठे झाली होती?

खडूफळा, १३ फेब्रुवारी

नव्हती झाली! मोडीवाली, नेमकं बोट ठेवलंत. कोणी हरलं नव्हतं. दोन्ही बाजू गरजेपोटी बसल्या होत्या. बायसन संपत चाललेले, देवीच्या साथी, आणि सरकारला रेल्वे आणि वसाहती हव्या. बोलणी दिवसेंदिवस चालायची. चिलीम ओढली जायची. क्री लोकांच्या लेखी चिलीम ओढून बोललेला शब्द हा निर्मात्याच्या साक्षीने दिलेला शब्द. सरकारी माणूस राणीला "तुमची मोठी आई" म्हणायचा. त्याला ते मुत्सद्दी बोलणं वाटत असेल, पण समोरच्यांनी ते नातं म्हणून घेतलं. वाहकोहतोविन असा क्री शब्द आहे, म्हणजे नातेसंबंध, सगळ्यांशी, जमिनीशीसुद्धा.

मोडीवाली, १३ फेब्रुवारी

म्हणजे तह नाही, सोयरीक! एका बाजूने खरेदीखत केलं आणि दुसऱ्या बाजूने सोयरीक केली, कागद एकच.

कल्याणकाका, १४ फेब्रुवारी

सोयरीक असेल तर "साजरी" बरोबर आहे की. लग्नाचा वाढदिवस नवऱ्याने हाल केले तरी बायका साजरा करतातच. (ह. घ्या. आमच्या सौ.ने वाचून मला खालील प्रतिक्रिया टंकायला लावली: "करतात, पण त्या दिवशी हिशेबही काढतात.")

तिरकी_रेघ, १४ फेब्रुवारी

काकूंना साष्टांग. हिशेबासकट साजरा होणार असेल तर मी गप्प.

त्रैराशिक (कॅल्गरी), १५ फेब्रुवारी

हिशेब म्हटलात म्हणून आलो. मी गणित शिकवतो. स्पष्टवक्ता साहेब, गणिताची बोंब यातूनच मिटवू या.

ट्रीटी १: पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर रिझर्व्ह. म्हणजे माणशी ३२. पुढच्याच वर्षी, १८७२ला, डोमिनियन लँड्स ॲक्ट आला. त्यात बाहेरून आलेल्या एका गड्याला १० डॉलर फी भरून १६० एकर. हे मी मैदानावर दोऱ्या लावून करून घेतो. पाच मुलं एका चौकोनात, शेजारी तेवढ्याच चौकोनात एकटा उभा. काही बोलावं लागत नाही. एकट्या चौकोनातला पोरगा दोन मिनिटांत अस्वस्थ होतो. मग ट्रीटी ६ घेतो: पाच माणसांना ६४० एकर. मुलं विचारतात, त्यांना जास्त का? मी म्हणतो, शोधा. (ट्रीटी ३च्या वेळी लोक अडून बसले, घासाघीस केली, आणि पुढच्यांना वाढीव मिळालं. "अडाणी होते, फसले" असं मानणाऱ्यांना हा तपशील जरूर दाखवा.)

दुसरं उदाहरण पाच डॉलरचं. ट्रीटी १मध्ये सुरुवातीला माणशी वर्षाला ३ डॉलर ठरले होते, तोंडी दिलेली काही आश्वासनं कागदावर आलीच नव्हती, लोकांनी भांडून १८७५ला ती मान्य करून घेतली आणि ३चे ५ झाले. तेव्हापासून आजपर्यंत पाचच. लाल डगल्यातला पोलीस उभा असतो, अधिकारी यादी बघून नोट देतो, आजही. महागाई हे प्रकरण शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

थोरल्या मुलांसाठी रॉबिन्सन करार, १८५०, ह्युरॉन आणि सुपिरिअर सरोवरांच्या उत्तरेकडचे. त्यात लिहिलं होतं की जमिनीचं उत्पन्न वाढलं तर रक्कम वाढेल. १८७५ला माणशी ४ डॉलर झाली आणि तिथेच गोठली. खाणी, लाकूड, सगळं निघत राहिलं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला झापलं. त्याआधीच ह्युरॉनवाल्यांच्या थकबाकीपोटी १० अब्ज डॉलरची तडजोड झाली होती. चारावर किती शून्यं ते मुलांना लिहू द्या.

स्पष्टवक्ता_ब्रॅम्प्टन, १५ फेब्रुवारी

दोऱ्यांचं आवडलं. मुलाला विचारलं, त्याच्या शाळेत नोव्हेंबरात एक व्हिडिओ दाखवला म्हणे. बस.

सापुतारा_वळण (नाशिक), १६ फेब्रुवारी

त्या पाच डॉलरवरून आमच्या शेजारचं आठवलं. डांग. भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ला जंगल भाडेपट्ट्याने घेतलं, सागवानासाठी. त्याचा सालियाणा अजून मिळतो. होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो, पाच राजे बग्गीतून येतात, सरकारी पाहुणा रक्कम देतो. देशातल्या बाकी संस्थानिकांचे तनखे १९७१ला बंद झाले, यांचं चालूच, कारण ते जंगलाचं भाडं. रक्कम फार नाही. जत्रेत मात्र पाळणे, भजी, पावऱ्या, सगळं असतं आणि आमच्या बाजूची शाळेची पोरं झुंडीने जातात. त्यातल्या किती जणांना ते पैसे कशाचे ते माहीत असतं? मला चाळिशीत कळलं.

रानजाई, १६ फेब्रुवारी

बाप रे, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आभार.

किवीण (ऑकलंड), १८ फेब्रुवारी

आमच्याकडे वाइटांगी दिवस ६ फेब्रुवारीला, आत्ताच झाला. ब्रिटिशांबरोबरच्या १८४०च्या वाइटांगी करारावर सुमारे ५४० माओरी (इथले मूळ रहिवासी) सरदारांच्या सह्या आहेत, त्यातल्या फक्त ३९ इंग्रजी प्रतीवर, बाकी सगळ्या माओरी प्रतीवर. आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली नाही. इंग्रजीत राणीला सार्वभौमत्व दिलं. माओरीत कावानातांगा, म्हणजे फार तर कारभार. उलट स्वतःचं सरदारपण स्वतःकडे ठेवलं असं माओरीत स्पष्ट आहे. १८० वर्षं भांडण त्यावरच.

शाळेत माझ्या मुलाच्या बाईंनी मस्त खेळ घेतला. इंग्रजीतलं एक वाक्य घ्यायचं, घरी जाऊन आजी-आजोबांकडून आपल्या भाषेत करून घ्यायचं, मग दुसऱ्या कोणाला तरी ते परत इंग्रजीत करायला सांगायचं. आमच्या वर्गात तमिळ, सामोअन, मँडरिन, मराठी. परत आलेली वाक्यं फळ्यावर लावली. मुलं हसून लोळली, मग गप्प झाली. यात स्थलांतरितांच्या मुलांचा हात वर असतो हे मला फार आवडलं. एरवी या विषयात ती मागच्या बाकावर असतात.

रानजाई, १८ फेब्रुवारी

किवीण, हे उचललं! विनिपेगच्या वर्गात टागालोग, पंजाबी, युक्रेनियन, टिग्रिन्या, सगळं आहे.

लेकीच्या गटाने दरम्यान स्वतःचा विषय शोधलाय. पाणी. वर्गात कोणीतरी विचारलं, आपण ट्रीटी १वर राहतो मग ट्रीटी ३शी आपला काय संबंध? बाई म्हणाल्या, नळ उघडा. आमच्या शहराचं पाणी शोल लेकमधून येतं, सुमारे १५५ किलोमीटर लांब जलवाहिनीतून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. १९१९पासून. ते तळं ट्रीटी ३मध्ये आहे. आणि तिथली शोल लेक ४० ही वस्ती, त्या कामात कालवा खणल्यामुळे बेटासारखी तुटली. हिवाळ्यात बर्फावरून ये-जा, बर्फ पातळ झाला की जीव मुठीत. ज्यांच्या दारातून आमचं पाणी निघतं त्यांनी १९९७ ते २०२१ पाणी उकळून प्यायलं, चोवीस वर्षं. बाहेर यायला रस्ता मिळाला २०१९ला, त्याचं नावच फ्रीडम रोड. लेक घरी येऊन नळाकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं बंद कर आधी, वाया जातंय.

कल्याणकाका, १९ फेब्रुवारी

रानजाई, मी मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं काढली. तानसा, वैतरणा, भातसा. मुंबईचं पाणी शहापूर तालुक्यातून येतं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. जलवाहिनीच्या अंगाला बायका हंडे घेऊन चालताना मी जीपमधून रोज बघायचो. कधी काही वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण शाळेत कोणी शिकवलं असतं तर लवकर वाटलं असतं. मुलीला सांगा, पाइपलाइनचा नकाशा काढताना उतार दाखव. इंजिनीयर लोकांचं कौतुक तेवढं राहू दे. :-)

खडूफळा, १९ फेब्रुवारी

एक व्यवहाराचं. एखाद्या एल्डरना, म्हणजे जाणत्या आजी-आजोबांना बोलावणार असाल तर ईमेलवर तारीख टाकून मोकळं होऊ नका. तंबाखू कापडात बांधून, समोर जाऊन, विनंती करायची. त्यांनी ती हातात घेतली तर होकार. मुलांनीच जायचं, शिक्षकाने मागे उभं राहायचं. आणि मानधन, येण्याजाण्याची सोय, चहा हे आधीच ठरवा. प्रांतात ट्रीटी रिलेशन्स कमिशन आहे तुमच्याकडे, त्यांच्याकडून वक्ते आणि साहित्य मिळतं, विचारा. पण शाळेजवळच्या ओळखीतून कोणी आलं तर ते जास्त टिकतं, पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

स्पष्टवक्ता_ब्रॅम्प्टन, १९ फेब्रुवारी

शाळेत तंबाखू?? पालक समितीत ही मीटिंग बघायला मी विमानाने येईन.

खडूफळा, १९ फेब्रुवारी

ओढायला नाही हो. लग्नाच्या अक्षता द्यायला घरी जाता तेव्हा सुपारी ठेवता ना? ती खायला असते का?

मोडीवाली, २० फेब्रुवारी

जाता जाता: त्या करारांत "सूर्य तळपतो, गवत उगवतं, नद्या वाहतात तोवर" असं म्हणतात ना? आपल्या दानपत्रांत "आचंद्रार्क", "यावच्चंद्रदिवाकरौ". फरक इतकाच की शिलाहारांनी मोडणाऱ्यासाठी खाली गधेगाळही कोरून ठेवली, ती इथे छापण्यासारखी नाही. तिकडेही एखादी कोरली असती तर बरं झालं असतं.

रानजाई, १४ जून

धागा वर काढतेय. झाला आमचा आठवडा. सगळं सांगत बसत नाही, पण काही गोष्टी.

पाण्याचा नकाशा कॉरिडॉरच्या फरशीवर निळ्या टेपने केला. एक किलोमीटरला वीस सेंटिमीटर, म्हणजे ३१ मीटर. कॉरिडॉर भरला २६. उरलेले पाच मीटर वळवावे लागले आणि शोल लेक आलं नेमकं मुलांच्या बाथरूमसमोर. पहिल्या दिवशी भरपूर विनोद झाले. तिसऱ्या दिवशी पहिलीची मुलं आपोआप टेपच्या कडेने चालायला लागली, कोणी सांगितलं नव्हतं. कल्याणकाका, उतार दाखवलाय, बाजूला आकडे लिहून.

तंबाखूची पुरचुंडी घेऊन लेक आणि तिचा मित्र गेले, त्याच्याच ओळखीतल्या एका आजींकडे, त्या ट्रीटी १मधल्या. (पालक समितीत पंचवीस मिनिटं त्यावरच गेली. स्पष्टवक्ता, तिकिटाचे पैसे वसूल झाले असते.) आजी आल्या, खुर्ची नको म्हणाल्या, मग दहा मिनिटांनी मागून घेतली. कराराबद्दल भाषण दिलंच नाही. आपण लहान असताना पाच डॉलर घ्यायला रांगेत कसे उभे राहायचो ते सांगितलं. एका मुलाने विचारलं, पाच डॉलरसाठी अजून का जाता? म्हणाल्या, "पाच डॉलरसाठी नाही जात. तुमचं सरकार यादी काढून बसतं, त्याला दर वर्षी आमची नावं मोठ्याने वाचावी लागतात, ती ऐकायला जाते." घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. खरं तर दोघं उठले, पण त्यांची बस होती.

दोऱ्यांचा खेळ वाऱ्याने फसला. त्रैराशिक, खुंट्या जड घ्या म्हणून लिहून ठेवा कुठेतरी.

सहलीला लोअर फोर्ट गॅरी ठरलं होतं, बसचं बजेट कमी पडलं. मग शहरातल्याच केनस्टन रस्त्यावरची नावी-ओदेना बघितली. जुनी लष्करी छावणी होती, २०२२च्या डिसेंबरात सातही ट्रीटी १ नेशन्सची मिळून शहरातली रिझर्व्ह झाली. आम्ही आयकियाला जाताना शेकडो वेळा तिथून गेलोय आणि रिकामा प्लॉट समजलोय. तिरकी_रेघ, हे लिहिताना तुमची आठवण आली: इथे तरी मुलांना तोडलेल्या शब्दांबरोबर पाळलेला एक दाखवता आला, तोही कोर्टकचेऱ्या करून मिळवलेला.

आणि भाषांतराचा खेळ. वाक्य ट्रीटी १मधलंच घेतलं. ज्यात जमीन राणीला देऊन टाकल्याचं एकापुढे एक चार क्रियापदांत लिहिलंय, वकिली थाटात. लेकीने साताऱ्याला माझ्या आईला व्हॉट्सॲप केलं. आईने चारही क्रियापदं बघितली, "एवढं कशाला?" म्हणाली आणि लिहून पाठवलं: "आम्ही ही जमीन राणीच्या हवाली करत आहोत." ते लेकीने पुण्यातल्या मावसभावाला परत इंग्रजीत करायला दिलं, मूळ न दाखवता. त्याने काय लिहावं? "ही जमीन आम्ही राणीकडे सांभाळायला देतोय."

मोडीवाली, १४ जून

अंगावर काटा. हवालदाराचा "हवाला" तोच, ताब्यात सोपवलेली वस्तू. आईंना नमस्कार सांगा.

तिरकी_रेघ, १४ जून

ते वाक्य कुठे लावलंय का शाळेत?

रानजाई, १५ जून

बाथरूमसमोर, शोल लेकच्या वर. शेजारी टागालोग आणि युक्रेनियनवाले. मराठी देवनागरीतच ठेवलंय, खाली मावसभावाचं इंग्रजी. टेप ३०ला काढायची आहे, केअरटेकर काका म्हणाले मी काढणार नाही, ज्यांनी लावली त्यांनी काढावी.

स्पष्टवक्ता_ब्रॅम्प्टन, १५ जून

त्या आकड्यांची शीट असेल तर पाठवा. नोव्हेंबरला अजून वेळ आहे, पण मुलाच्या बाईंना आत्ताच देऊन ठेवतो. आमचं पाणी ऑन्टॅरिओ सरोवरातून येतं, तिथे कुठली ट्रीटी लागते ते तो शोधतोय.